टोकन दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये

प्रश्न : आंब्याच्या धंद्यात सरकारी टेंडर भरायला डिजिटल सही काढली. टोकन आणि पासवर्ड बाजारातल्या सेवा केंद्रवाल्या मुलाकडेच असतो; दर वेळी गावातून देवगडला कोण जाणार? सही केलेली पीडीएफ व्यापाऱ्यांनाही पाठवतो. त्यातून माझी माहिती बाहेर जाते का?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : आधी टोकन घरी आणा. सहीची खासगी किल्ली, म्हणजे जिच्यामुळे सही उमटते तो गुप्त संकेत, त्या पेनड्राइव्हसारख्या टोकनातच राहते, तिची नक्कल निघत नाही. पण टोकन आणि पासवर्ड दोन्ही एकाच हातात असले, तर नक्कल हवीय कोणाला? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार किल्ली सांभाळणं तुमचं काम. ती दुसऱ्याच्या हाती पडली, हे सहीचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत जबाबदारी तुमच्यावरच. मुलगा प्रामाणिक असेलही. टोकन मात्र दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभर लटकत असतं, आणि काही सॉफ्टवेअर एकदा पासवर्ड घेतला की पुढच्या सहीला विचारत नाहीत.

घरच्या कॉम्प्युटरवर टोकनचं सॉफ्टवेअर टाका आणि ‘चेंज पिन’मधून पासवर्ड बदला. अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं. ‘इनिशिअलाइझ’ला तर हातच लावू नका, आतलं प्रमाणपत्र पुसलं जातं आणि नवं विकत घ्यावं लागतं. मग प्रमाणपत्र उघडून ईमेल बघा. अर्ज भरताना केंद्रवाल्याने सोयीसाठी स्वतःचा ईमेल-मोबाइल दिला असेल, तर ओटीपी त्याच्याकडेच जातात. तसं निघालं किंवा अनोळखी सही सापडली, तर प्रमाणपत्र रद्द करून घ्या.

पीडीएफचं म्हणाल, तर सही म्हणजे कुलूप नव्हे. फाइल ज्याच्या हाती पडेल तो वाचतो. सहीवर क्लिक केलं की नाव, राज्य, पिनकोड आणि बऱ्याचदा ईमेलही दिसतो. पॅन उघडा नसतो, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून बनवलेली सांकेतिक अक्षरं-आकडे असतात. ॲक्रोबॅटमध्ये सहीच्या चौकटीतून ठिकाण, कारण वगळता येतं; प्रमाणपत्रातला तपशील राहतोच.

खाते क्रमांक झाकायचा तर सहीआधी झाका, नंतर फाइल बदलली की सही अवैध दाखवते. वर नुसता काळा चौकोन ठेवला, तर खालचा आकडा कॉपी करता येतो. तो भाग झाकून प्रिंट काढा, स्कॅन करा आणि त्या स्कॅनवर सही करा.

आणि वाशीच्या व्यापाऱ्याला साध्या बिलावर ही सही कशाला? धंदा एकट्या मालकीचा असेल, तर जीएसटी रिटर्नही ओटीपीवर भरता येतं.