घाई कुठे करायची, थांबायचं कुठे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस, पुन्हा कोविडसारखी महासाथ आली आणि तेव्हा माझं मूल तीन-चार वर्षांचं असलं, तर त्याला लस द्यायची की थांबायचं, शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हे मी ठरवू कसं? तुझ्या ताईच्या घरात याच प्रश्नावरून किती धुसफूस झाली ते तू जवळून पाहिलंस. दोघंही मुलांवर जीव टाकणारे, दोघंही वाचणारे, तरी एकाचं ऐकलं की दुसऱ्याला वाटे, आपण मुलाला धोक्यात ढकलतोय. लहान मुलांची डॉक्टर म्हणून त्या काळात माझ्यासमोर असे आईबाप रोज बसत. त्यांतून मला जे कळलं ते तुला नीट सांगावंसं वाटतं, कारण ऐन साथीत शांतपणे विचार करायला कुणालाच सवड नसते.

आधी एवढं मनाशी धर. जिथे देशोदेशीचे तज्ज्ञ एकमुखाने बोलतात, तिथे वेळ घालवू नकोस. जिथे तेच तज्ज्ञ तीच आकडेवारी समोर ठेवून वेगवेगळा सल्ला देतात, तिथे दोन्ही वाटांमधलं अंतर बहुधा थोडंच असतं. तिथे तू यातली कुठलीही वाट धरलीस तरी वाईट आई ठरत नाहीस.

कोविडचंच बघ. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी फायझरच्या लशीला परवानगी मिळाली. डोस १० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मोठ्यांच्या एक तृतीयांश. काही दिवसांतच तिथे या वयाच्या सगळ्या मुलांना लस द्यावी, अशी शिफारस झाली. कॅनडाने लस दिली, पण दोन डोसांत निदान आठ आठवड्यांचं अंतर ठेवा म्हणून सांगितलं. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२मध्ये ती देऊ केली, तीही 'तातडीची नाही' असं स्पष्ट म्हणत आणि बारा आठवड्यांच्या अंतराने. स्वीडनने त्याच सुमाराला ठरवलं की या वयाच्या मुलांना सरसकट लस देण्याची शिफारस करायची नाही. या चारही ठिकाणच्या तज्ज्ञांना मुलांची काळजी होती, अक्कलही होती. मग मतं वेगळी का? निरोगी लहान मुलाला कोविडचा गंभीर आजार होण्याची शक्यता मुळातच कमी होती, आणि तोवर पुष्कळ मुलांना संसर्ग होऊनही गेला होता. म्हणून लशीचा फायदा खरा असला तरी एकेका निरोगी मुलापुरता तो लहान होता. लहान फायद्याला किती वजन द्यायचं यावर शहाणी माणसंही वेगळी बोलतात.

पण एका बाबतीत त्यांच्यात फरक नव्हता. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दुबळी झाली आहे, ज्याला फुप्फुसाचा किंवा मेंदूचा गंभीर जुना विकार आहे, त्याला लस द्या, असं स्वीडनसुद्धा म्हणत होतं. तुझ्या ताईच्या घरी जो वाद चालला तो निरोगी मुलाबद्दलचा होता. तो वाद दोघांनी जीवन-मरणाचा करून टाकला. त्याच काळात असे आईबापही मला भेटले ज्यांचं मूल खरोखर जोखमीत होतं आणि ते निरोगी मुलांबद्दलचे वाद वाचून थांबले होते. त्यांची मला फार काळजी वाटायची. म्हणून पहिला प्रश्न 'लस चांगली की वाईट' हा नसावा. माझं मूल कोणत्या गटात येतं, हा असावा. त्याचं उत्तर मुलाला जन्मापासून ओळखणारा डॉक्टर देऊ शकतो, मोबाइलवर फिरत आलेला व्हिडिओ देऊ शकत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल. 'लहान मुलांवर पुरेशी चाचणी झालीय का?' असं प्रत्येक जण विचारी, आणि विचारणं योग्यच होतं. त्या ५ ते ११ वयाच्या चाचणीत लस घेतलेल्या सुमारे तेराशे मुलांपैकी तिघांना कोविड झाला, आणि लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या सुमारे साडेसहाशे मुलांपैकी सोळा जणांना. त्यावरून ९० टक्क्यांच्या आसपास परिणामकारकता निघाली. हे ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार येण्याच्या आधीचं. नंतर संसर्ग रोखण्याची ताकद बरीच उतरली, गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्या मानाने टिकलं. सुरक्षिततेची माहिती सुमारे ३१०० लस घेतलेल्या मुलांची होती. एवढ्या मुलांत ताप, दंड दुखणं, थकवा हे सगळं नीट दिसतं. पण पन्नास हजारांत एखाद्याला होणारी गोष्ट तीन हजार मुलांत दिसेलच असं नाही, आणि हे कोणी तुझ्यापासून लपवत नसतं. म्हणून तर परवानगीनंतरही वर्षानुवर्षं नोंदी ठेवतात. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ दुष्परिणाम असाच, लाखो डोस दिल्यावर, २०२१मध्ये लक्षात आला. तो मुख्यतः किशोरवयीन मुलगे आणि तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर दिसला. बहुतेक जण विश्रांतीने आणि उपचाराने बरे झाले. ५ ते ११ वयात तो त्याहून पुष्कळ कमी आढळला. डोसांमधलं अंतर वाढवण्याचा सल्ला काही देशांनी दिला, त्यामागे हेही एक कारण होतं.

आईबाप इथे एका ठिकाणी हमखास अडकतात. लशीच्या दुष्परिणामाची तुलना ते 'काहीच न होण्याशी' करतात. साथ घराघरांत फिरत असताना 'काहीच न होणं' मुलाच्या वाट्याला येण्याची खात्री नसते. तुलना आजाराशीच करायला हवी. तोच विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणू शकतो. काही थोड्या मुलांना तर संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी मोठा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटात तीव्र दुखणं अशी सर्वांगाला सूज आणणारी अवस्था येई. मूळ आजार इतका सौम्य असायचा की तो झाला होता हेसुद्धा कित्येकदा घरच्यांना माहीत नसे. न टोचणं हासुद्धा एक निर्णय आहे आणि त्यालाही जोखीम आहे. तू जो निर्णय घेशील तो हे पाहून घे, एवढंच माझं मागणं आहे.

पाच वर्षांखालच्या मुलांची गोष्ट तुला सविस्तर सांगते. लशींवर विश्वास का ठेवायचा असं कुणी विचारलं की मी हीच सांगते. फायझरने या वयाला ३ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मोठ्यांच्या एक दशांश डोस निवडला होता. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांत दोन डोसांनी हवा तसा प्रतिसाद मिळाला. दोन ते चार वर्षांच्या मुलांत मिळाला नाही. डिसेंबर २०२१मध्ये कंपनीने ते जाहीर केलं आणि तिसऱ्या डोसची चाचणी सुरू केली. फेब्रुवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामकांची तज्ज्ञ समिती यावर बसणार होती. तिसऱ्या डोसची माहिती येऊ द्या, असं म्हणून ती बैठक पुढे ढकलली गेली. ओमायक्रॉनची लाट तेव्हा नुकती येऊन गेली होती, आईबाप वाट पाहून थकले होते, त्या दिवशी अनेकांना रडू कोसळलं. अखेर १७ जून २०२२ रोजी परवानगी आली: फायझरचे तीन डोस, किंवा मॉडर्ना या दुसऱ्या कंपनीच्या लशीचे २५ मायक्रोग्रॅमचे दोन.

त्या आईबापांचं दुःख मला कळतं. पण जी यंत्रणा एवढ्या दडपणाखाली 'अजून पुरेसं नाही' म्हणू शकते, तिने 'आता द्या' म्हटलं की त्या शब्दाला किंमत येते. पुढच्या साथीत तू हेच बघ. तपासणाऱ्यांनी कुठे नकार दिलाय का, काही थांबवलंय का, आपलाच जुना सल्ला नव्या माहितीवरून बदललाय का? सल्ला बदलला की लोक चिडतात, 'यांना काही कळत नाही' म्हणतात. मी तर एकदाही न बदलणाऱ्या सल्ल्याकडे संशयाने पाहीन.

आणि लस येईपर्यंतचे ते महिने? तेव्हा लहानग्याचं रक्षण त्याच्या भोवतीची मोठी माणसं करतात. घरातल्या, पाळणाघरातल्या, शाळेतल्या प्रत्येक मोठ्याने आपली लस वेळेवर घेणं, खोकला असेल तर बाळापासून दूर राहणं. गरोदरपणात आईने लस घेतली तर तिची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, बाळाकडे जातात आणि पहिल्या काही महिन्यांत त्याच्या कामी येतात. हे तुझ्या हातातलं आहे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

थांबायचं ठरवलंस तर मुदत घालून थांब. 'बघू पुढे' म्हणून सोडलेला निर्णय कधी घेतलाच जात नाही. तुम्ही दोघं बसा आणि कागदावर लिहा: अमुक माहिती आली की, किंवा अमुक तारखेला, आपण पुन्हा ठरवू. नवऱ्याशी मतभेद झाले तर त्याला विचार, 'तुला काय दिसलं तर तू मत बदलशील?' आणि मग स्वतःलाही तेच विचार. दोघांपैकी एकालाही उत्तर देता येत नसेल, तर तो वाद लशीबद्दलचा राहिलेला नाही. तो भीतीबद्दलचा आहे, आणि भीतीवर आकडे फेकून चालत नाही. जवळ बसून ऐकावं लागतं. मुलासमोर मात्र तो वाद नको. टोचायच्या दिवशी त्याला खरं सांग: टोचेल, थोडा वेळ दुखेल, मी तुला धरून बसेन.

शाळेचा प्रश्न लशीच्या प्रश्नाला बांधू नकोस. बहुतेकांनी ते एकच गाठोडं केलं, लस मिळाली तर शाळा आणि नाही तर घर, आणि त्यात सर्वांत लहान मुलांचं सर्वांत जास्त नुकसान झालं, कारण त्यांची लस सर्वांत शेवटी आली. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये १९०हून अधिक देशांतले मिळून सुमारे १६० कोटी विद्यार्थी वर्गाबाहेर होते. तेव्हा विषाणूची फारशी ओळखच नव्हती, सुरुवातीला शाळा बंद करणं समजण्यासारखं होतं. पण मार्च २०२१मध्ये युनिसेफने सांगितलं की १६.८ कोटी मुलांच्या शाळा जवळजवळ वर्षभर पूर्ण बंद आहेत. २०२२मध्ये जागतिक बँक, युनिसेफ आणि इतर संस्थांनी अंदाज मांडला की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून न समजणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांचं प्रमाण ५७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं असावं. हा आकडा वाचला की आजही माझ्या पोटात तुटतं.

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२०पासून शाळा उघडायला घेतल्या त्या लहानांपासून. पाळणाघरं, बालवर्ग आणि पाचवीपर्यंतचे वर्ग आधी, मोठी मुलं नंतर. मला तो क्रम अजूनही बरोबर वाटतो. पंधरा वर्षांचा मुलगा पडद्यासमोर बसून थोडंफार शिकतो. चार वर्षांचं मूल बोलायला, वाटून घ्यायला, भांडून पुन्हा खेळायला दुसऱ्या मुलांमध्येच शिकतं. ही समज नवी नाही. १९१८च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, न्यूयॉर्कने केल्या नाहीत. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचं म्हणणं होतं की दाटीवाटीच्या घरांपेक्षा मुलं हवेशीर शाळेत, परिचारिकांच्या नजरेखाली जास्त सुरक्षित राहतील. प्रत्येक शाळेला हे लागू पडतं असं मात्र समजू नकोस. त्यांच्या म्हणण्यात 'हवेशीर' आणि 'नजरेखाली' या दोन अटी होत्या.

म्हणून शाळेत जाऊन स्वतः बघ. हवेतून पसरणारा आजार असेल तर खिडक्या उघडतात का, उघड्या ठेवतात का, हे आधी. वर्गात किती मुलं? खाताना मास्क निघतातच, मग मुलं कुठे बसून खातात? ताप असलेल्या मुलाला घरी ठेवल्याबद्दल आईबापांना बोल लावतात, की उलट घरीच ठेवा म्हणतात? शिक्षकांनी लस घेतलीय का? जंतुनाशकाच्या फवारणीचा जो गाजावाजा होतो त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. मास्कच्या वयाबाबतही मतभेद होते: जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ म्हणत की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको, अमेरिकेत मात्र दोन वर्षांपासून पुढे मास्क सुचवला जाई. तेव्हा तुझ्या चार वर्षांच्या मुलाने मास्क ओढून काढला म्हणून जीव कासावीस करू नकोस. घरात कुणी कॅन्सरचे उपचार घेत असेल किंवा मूल स्वतः नाजूक असेल, तर हिशोब वेगळा होईल, आणि लाटेच्या शिखरावरचे काही आठवडे घरी राहणं योग्य ठरेल. तेही मुदत घालूनच.

आता सर्वांत तातडीचं. कोविडच्या लशीवर घराघरांत वाद चालू होते तेव्हा नेहमीच्या लशी मागे पडल्या. २०२१मध्ये जगातली सुमारे अडीच कोटी बालकं घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीच्या एखाद्या तरी डोसाला मुकली. गोवराच्या लशीचंही तसंच झालं. गोवर झालेल्या माणसाच्या सहवासात आलेल्या, लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो होतो. २०२२मध्ये गोवराने सुमारे १ लाख ३६ हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. हे मृत्यू टळू शकत होते. याबाबत अमेरिका, ब्रिटन, स्वीडन, कुणाचंही दुमत नाही. साथीतही या लशींसाठी दवाखान्यात जायचंच. गर्दीची भीती वाटली तर आधी फोन करून वेळ ठरवून घ्यायची.

तुझ्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघ. गोवराचा दुसरा डोस दिल्याची तारीख त्यावर सापडली नाही तर मला कळव, आणि याच आठवड्यात त्याला घेऊन ये.

तुझी,
डॉक्टरमावशी