"मलाही होईल का, मॅडम?"

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो. या वेळी तो बडोद्याच्या दांडिया बाजारातून आला (ओळख पुसली आहे). मुलगी 27 वर्षांची, लग्न ठरत आलेलं. वडिलांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसते संशय येणं असा मानसिक आजार. गोळ्या नियमित, दुकानाचं खातं आजही तेच लिहितात.

"मेंदूतलं सीओएमटी तपासून मिळेल का?" तिने मोबाइल पुढे केला.

हे एन्झाइम मेंदूतलं डोपामिन, म्हणजे या आजाराशी जोडलं जाणारं रसायन, मोडतं, हे खरं. कुणाचं मंद, कुणाचं जलद; पण तो फरक ठणठणीत माणसांतही सर्रास असतो, त्यावरून आजाराचं भाकीत होत नाही. जनुकंही एखाददुसरं नाही, शेकडो. एकेकाचा वाटा चिमूटभर. एरवी शंभरात एकाला हा आजार होतो, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर साधारण 10 जणांना. म्हणजे 90 सुटतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तरी दुसरा निम्म्या वेळा तरी सुटतो.

आकडे पाठ करून गेली आणि तेवढीच घाबरून परत आली. मला आकड्यांचा जरा सोसच आहे.

तिसऱ्या भेटीत तिने पर्समधून वही काढली. रोजची तारीख, खाली एक ओळ: 'आज आवाज आले नाहीत.' तीन वर्षं. एका पानावर: 'कुकरची शिट्टी दोनदा ऐकली. आई म्हणते एकदाच झाली.'

"आईला दाखवलीस?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग हळू आवाजात, "बाबांची पहिली चार वर्षं अंगारे-धुपाऱ्यातच गेली. बाहेर कुणाला कळू दिलं नाही. माझंही असंच झाकून ठेवतील."

इतके दिवस मी जनुकांवर बोलत होते. तिचा प्रश्न आईबद्दल होता. हे ऐकू यायला मला इतक्या वर्षांच्या कामानंतरही तीन भेटी लागल्या.

पुढच्या वेळी आईला बोलावलं. सांगितलं, आजार बहुधा विशी-तिशीत डोकं काढतो. झोप उडाली, माणसं नकोशी झाली, नसते संशय येऊ लागले आणि आठवडा-दोन आठवडे तसंच राहिलं, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे. अंगारा नंतर लावा हवा तर. जितके लवकर उपचार, तितकं माणूस सावरणं सोपं. आणि घरात हा आजार असेल तर गांजाला हातही लावायचा नाही, मित्रांच्या आग्रहानेसुद्धा.

"ते ठीक आहे हो," आई म्हणाल्या, "पण मुलाकडच्यांना कोण सांगणार?"

वडील बाहेर बाकावर होते. त्यांना आत घेतलं.

"मी सांगतो. आजार माझा आहे," ते म्हणाले आणि बायकोकडे पाण्याची बाटली मागितली. गोळीची वेळ झाली होती.