बँकेतल्या त्या काकांविषयी

सातारा,
३० नोव्हेंबर, रविवार

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी काल रात्रीची मेल आज सकाळी वाचली आणि दुपारपर्यंत तीच मनात घोळत राहिली. शुक्रवारी बँकेत घडलेला प्रसंग तू बराच सविस्तर लिहिला आहेस आणि त्यात स्वतःची बाजू सावरण्याचा प्रयत्न केलेला नाहीस, हे मला फार बरे वाटले. शेवटी तू विचारले आहेस, “मावशी, मी चुकलो का?” या एका प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. पेन्शनचा फॉर्म भरणारे ते वृद्ध काका अचानक तुझ्यावर का ओरडले हा एक, आणि तू त्यांना जे उत्तर दिलेस त्याचे पुढे काय करायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी बरेचसे देऊ शकेन, कारण तेहतीस वर्षे मी अशाच एका काउंटरच्या पलीकडे बसत होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र उद्या सकाळी तुलाच द्यायचे आहे.

तू गेलास तो महिना आधी लक्षात घे. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना असतो. आपण जिवंत आहोत हे प्रत्येकाने वर्षातून एकदा बँकेला दाखवून द्यायचे आणि ते राहिले, तर दाखला मिळेपर्यंत पेन्शन थांबते. ऐंशी वर्षांवरच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून हे काम करता येते. बाकीच्यांची गर्दी नोव्हेंबरात होते आणि शेवटच्या आठवड्यात ती दाराबाहेर जाते. तू तुझ्या केवायसीच्या कागदांसाठी तिथे उभा होतास, तुझे काम त्या दिवशी झाले नसते तरी सोमवारी झाले असते. त्या काकांच्या हातातला कागद मात्र त्यांच्या घरखर्चाचा होता.

आता तू स्वतःच लिहिलेला तपशील पुन्हा वाच. तिरप्या टेबलाला दोरीने बांधलेले एकच पेन होते, काका त्याने सावकाश फॉर्म भरत होते, तुला पेन हवे होते आणि अर्ध्या तासाने तुझी ऑफिसची मीटिंग होती. तू म्हणालास, “द्या काका, मी भरून देतो,” आणि बोलता बोलता फॉर्म त्यांच्या हातातून ओढून घेतलास. तुझ्या मनात मदत होती यावर माझा विश्वास आहे. पण तिच्यात घाईही मिसळलेली होती आणि वृद्ध माणसाला ती लगेच जाणवते. या वयात हातातून एकेक गोष्ट सुटत जाते. आधी स्कूटर जाते, मग औषधे कुणीतरी डबीत वारानुसार भरून ठेवू लागते, मोबाइलवरचे व्यवहार मुले परस्पर करू लागतात आणि डॉक्टरसुद्धा रुग्णाकडे न बघता त्याच्या मुलाशी बोलतात. अशा माणसाच्या हातातला, त्याच्या स्वतःच्या अक्षरात भरला जाणारा कागद अनोळखी तरुणाने न विचारता घेतला, तर “हात लावू नकोस, मला अक्षरओळख आहे,” असे तो ओरडेल यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या रागातले हे पहिले वाक्य खरे होते. पुढचे आईबापांच्या संस्कारांविषयीचे बोलणे अन्यायाचे होते, ते तुला लागले आणि लागायलाच हवे होते.

राग त्या क्षणी दिसतो, पण तो पेटतो बराच आधी. आमच्या शाखेत नोव्हेंबरात येणारे कित्येक जण सकाळची लघवीची गोळी मुद्दाम टाळून येत, कारण बँकेत ग्राहकांसाठी स्वच्छतागृह नसे आणि रांग सोडली तर नंबर जाई. कुणी पाणीच पीत नसे. मधुमेहाची गोळी घेऊन आलेल्या माणसाचे जेवण लांबले, की साखर उतरते आणि साखर उतरलेला माणूस आधी चिडचिडा होतो; घाम आणि हातांची थरथर कधी सोबत, कधी मागाहून येते. ऐकण्याचे तर विचारूच नकोस. वयोमानाने कान जातात तेव्हा सगळा आवाज सारखा कमी होत नाही, बारीक आणि उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, च यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि गर्दीच्या कलकलाटात ती पूर्णच हरवतात. आम्ही ‘सहा’ पुकारले, की दहा नंबरचे गृहस्थ उठून येत आणि त्यांना परत पाठवले, की आपला अपमान झाला असे त्यांना वाटे. मग आमच्यातले कुणी मोठ्याने ओरडून सांगे आणि ते आणखी भडकत, “ओरडू नका, मी बहिरा नाही!” तेही खोटे नसे. अशा कानांना हळू बोललेले ऐकू येत नाही आणि एका मर्यादेपुढचा आवाज मात्र एकदम टोचतो. म्हणून अशा माणसाशी बोलताना आवाज वाढवण्यापेक्षा पट्टी खाली आणावी, उजेडात, चेहरा दिसेल असे उभे राहावे आणि वाक्ये छोटी ठेवावीत. तू तुझा आवाज चढवलास तेव्हा त्यांना तुझे शब्द कदाचित कळले नसतील, फक्त चढलेला आवाज पोचला असेल.

पण एक शब्द पोचला. तू त्यांना म्हणालास, “म्हणूनच घरचे कुणी तुमच्याबरोबर येत नसतील.” त्यावर रांगेतले कुणीतरी हसले, काकांनी अर्धवट भरलेला फॉर्म टेबलावरच ठेवला आणि ते काही न बोलता बाहेर निघून गेले. तुला हे वाक्य रात्री झोपू देत नाही असे तू लिहिले आहेस. मी तुझे सांत्वन करणार नाही, कारण ते वाक्य वाईट होते. त्यांच्या वागण्याचा राग तू त्यांच्या एकटेपणावर काढलास आणि त्या एकटेपणाविषयी तुला काहीच माहीत नव्हते. त्यांची पत्नी घरी अंथरुणाला खिळलेली असेल, मुलगी परगावी असेल किंवा घर भरलेले असूनही त्यांनी हट्टाने एकट्यानेच यायचे ठरवले असेल.

हे मी तुला वरच्या पायरीवरून सांगत नाही, हे पटावे म्हणून माझी एक गोष्ट लिहिते. ती मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही. २०१६ च्या ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि त्याच महिन्यात दाखल्यांचेही काम होते. १९ तारखेच्या शनिवारी नोटा बदलून देण्याचे काम फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी ठेवले होते, त्यामुळे सकाळपासून शाखेत पांढऱ्या केसांशिवाय दुसरे काही दिसत नव्हते. माझ्यासमोर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक उभे होते. आधारशी जोडलेला डिजिटल दाखला २०१४ पासून सुरू झालेला होता, तो बोटाच्या ठशावर निघे आणि त्यांचा ठसा काही केल्या उमटत नव्हता. वयाने कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा झिजतात आणि ज्यांनी आयुष्यभर खडू, माती किंवा भांडी हाताळली त्यांच्या रेषा तर अधिकच. चौथ्या वेळी यंत्राने नकार दिला तेव्हा ते माझ्यावर ओरडले, “मी समोर उभा आहे, तुला दिसत नाही का?” मी दोन आठवडे धड जेवले नव्हते आणि मी म्हणाले, “मला दिसता हो, पण मशीनला दिसत नाही. त्याला मी काय करू?” ते गप्प झाले आणि अंगठा सदऱ्याला पुसत राहिले. पुसून पुन्हा यंत्रावर ठेवत, पुन्हा पुसत.

त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात कागदी फॉर्म होते. त्यांनी सही करायची, आम्ही ती पडताळून शिक्का मारायचा, की दाखला पूर्ण होत असे. दोन मिनिटांचे काम होते. ते मला ठाऊक होते आणि राग आला म्हणून मी काही वेळ तो खण उघडला नाही. नंतर उघडला, काम झाले, ते “आभारी आहे” म्हणून गेले. माझ्या उद्धट वाक्यापेक्षा तो न उघडलेला खण मला अजून जास्त छळतो. चिडलेल्या माणसासमोर आपल्या हातात बहुतेक वेळा काहीतरी असते, निदान एखादी खुर्ची, घोटभर पाणी किंवा आपला नंबर तरी असतो, आणि आपण दुखावलो की ते आधी आवळून धरतो. तुझ्या हातात त्या दिवशी काय होते, याचा जरा विचार कर. मला वाटते, तुझ्या बॅगेत तुझे स्वतःचे पेन असणार.

याचा अर्थ म्हाताऱ्या माणसाने काहीही बोलावे आणि तरुणाने मान खाली घालून ऐकावे, असे मी मुळीच म्हणत नाही. वयाचा मान आपल्याकडे इतका पढवला जातो, की त्याच्या आड कित्येक जण आयुष्यभराची अरेरावी चालवून नेतात. काउंटरवरच्या नव्या मुलींना नको तसे बोलणारे, शिपायाला अरेतुरे करणारे वृद्ध मी पाहिले आहेत आणि त्यांच्यातले काही पस्तिशीतही तसेच होते. अशा वेळी “काका, माझ्या आईवडिलांविषयी बोलू नका,” एवढे एक वाक्य शांतपणे म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. ते म्हणावे आणि दोन पावले बाजूला व्हावे. समोरासमोर उभे राहिले की भांडण वाढते, थोडे कडेला उभे राहिले की निवळायला जागा मिळते. कुणी हात किंवा काठी उगारली, तर वाद न घालता सरळ दूर जावे आणि रखवालदाराला बोलवावे. कुणी मोबाइल काढून चित्रण करू लागला, तर त्याला मात्र तू थांबवायला हवेस, मग चूक कुणाचीही असो.

आणि चूक आपली असेल तेव्हा तेवढ्याच चुकीची माफी मागावी. तू त्या क्षणी “माफ करा, विचारायला हवे होते,” म्हणून फॉर्म परत दिला असतास आणि पुढे काहीच बोलला नसतास, तर माझा अंदाज आहे की ते थोडे पुटपुटून पुन्हा लिहू लागले असते. अनोळखी माणसाला ‘आजोबा’ म्हणण्याचीही मला धास्ती वाटते, पुण्यातल्या अनेकांना ते आवडत नाही. ‘काका’ किंवा ‘सर’ बरे. मदत करायची तर प्रश्न विचारून करावी आणि नकार मिळाला तर तो मान्य करावा. “खाते क्रमांक वाचून दाखवू का?” असे विचारले, तर लिहिणारा हात त्यांचाच राहतो.

एक अपवाद लक्षात असू दे. बोलणे एकाएकी असंबद्ध होऊ लागले, घाम फुटला, हात कापू लागले किंवा चेहऱ्याची एक बाजू ओघळली, तर तो राग नाही, आजार आहे. साखर उतरल्यासारखे वाटले आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर साखरेचे पाणी द्यावे. तोंड वाकडे झाले किंवा हातातली शक्ती गेली असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. दोन्ही वेळा १०८ ला फोन करावा.

त्यांच्या पेन्शनची तुला काळजी वाटते आहे. ती थोडी कमी कर. काल या महिन्यातला पाचवा शनिवार होता, बँका उघड्या होत्या, त्यामुळे ते परत येऊन गेले असण्याची शक्यता आहे. नसतील आले, तरी पेन्शन थांबते ती दाखला देईपर्यंतच आणि नंतर थकलेली रक्कमही मिळते. घरबसल्या चेहऱ्यावरून दाखला काढण्याची सोय २०२१ पासून आहे, पोस्टमनही घरी येऊन तो काढून देतो आणि सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याविषयी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या सूचना आहेत. हे सगळे त्यांना माहीत असेलच असे नाही.

त्यांचे चष्म्याचे घर टेबलावर राहिले आणि ते तू घाबरून घरी घेऊन आलास, असे मेलच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहेस. ते उद्या शाखेत दे. शाखा तुला त्यांचे नाव किंवा पत्ता देणार नाही आणि तू मागूही नकोस. पण अर्धवट फॉर्मवर खाते क्रमांक असेल, तर शाखाधिकारी त्यांना फोन करू शकतील. सोबत एक चिठ्ठी ठेव. तीत स्वतःची बाजू मांडू नकोस, मीटिंगचा उल्लेख नको, ‘तुम्हीही बोललात’ हे तर नकोच. “शुक्रवारी मी तुमचा फॉर्म न विचारता घेतला आणि तुमच्या घरच्यांविषयी जे बोललो ते बोलायला नको होते. मी माफी मागतो,” इतकेच लिही आणि खाली सही कर. ते ती चिठ्ठी वाचतील किंवा फाडून टाकतील, तो त्यांचा प्रश्न आहे. तिथे प्रत्यक्ष भेटले आणि पुन्हा चिडले, तर ऐकून घे आणि निघून ये.

हे पत्र पोस्टाने पाठवले असते तर उशीर झाला असता, म्हणून मेलनेच पाठवते आहे. त्या चष्म्याच्या घरात चष्मा आहे की ते रिकामे आहे, हे तू लिहिलेले नाहीस. आत चष्मा असेल, तर ते गृहस्थ दोन दिवस चष्म्याशिवाय आहेत, तेव्हा उद्या ऑफिसच्या आधी, शाखेचे शटर वर जाण्यापूर्वीच तू तिथे जाऊन उभा राहा.

तुझी,
मावशी