जुन्या काळातल्या सामान्य माणसांचं रोजचं आयुष्य साहित्यातून, ओव्या-बिव्यांतून खरंच कळतं का? सुरुवात कुठून करावी?

कळतं. सरकारी कागदांतून कळत नाही इतकं कळतं. तुमच्या प्रश्नातलं 'ओव्या-बिव्या' वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अगदी असंच मला एकदा भर वर्गात ऐकवलं गेलंय.

कॉलेजात एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला होते, विषय इतिहास, प्रोजेक्ट गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या जीवनावर. आम्ही लालबागचेच, चाळीत वाढलेलो, आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर कामाला होते. बाकीची मुलं लायब्ररीतून १९८२ च्या संपाचे आकडे उतरवून आणत होती, मी म्हटलं आपल्या घरात आजी बसलीय की. आजी साताऱ्याकडची. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं गावीच होती, नवरा मुंबईत, गणपतीला नाहीतर यात्रेला दिसायचा तेवढाच. तिला म्हटलं जात्यावरच्या ओव्या सांग, मी रेकॉर्ड करते. तर तिला आठवेचना. दोन शब्द म्हणायची, अडायची, मग माझ्यावरच चिडायची. "अगं, हात फिरल्याबिगर ववी कशी यायची?"

शेजारच्या मावशींच्या खाटेखाली डाळ भरडायचं छोटं जातं पडलेलं, ते बाहेर काढलं, खुंटा सैल झाला होता तो ठोकून बसवला, खाली जुनं लुगडं अंथरलं आणि मूठभर हरभरे वैरले. दगड फिरायला लागला आणि आजी सुरू झाली ती थांबेचना. मावशीपण समोर बसल्या, खुंट्याला हात लावून तिच्या मागनं ओवी उचलायला लागल्या, चाळीतल्या बायका दारात जमल्या आणि जिला जी येत होती ती तिने घातली. त्यात काय नव्हतं? मुंबईहून मनीऑर्डर आली पण पैसे सासूने घेतले, सुनेने पोस्टमनला नुसतं विचारलं की माणूस बरा आहे ना. भाऊ दिवाळीला न्यायला येईल म्हणून घरात आधीच धुऊन ठेवलेलं लुगडं. आणि गिरणीचा भोंगा, जो या बायकांनी गावी असताना कधी ऐकलाच नव्हता, फक्त नवऱ्याकडून ऐकलेला, तोसुद्धा ओवीत आलेला. मला त्या दुपारी कळलं की गिरणगाव लालबाग-परळला संपत नाही, त्याचं अर्धं घर गावाकडे होतं.

हे सगळं लिहून दिलं. सर म्हणाले हे लोकगीत आहे, मराठी डिपार्टमेंटला नेऊन दे, इतिहासाला पुरावा लागतो. मार्क कापले. आणि हेच सर आम्हाला किती चात्या (सूत कातायच्या), किती कामगार, किती उत्पादन हे पाठ करून घ्यायचे. अहो, त्या कामगाराने जेवायचं कुठे? एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे हे लोक जेवायचे खाणावळवाल्या बाईकडे, आणि त्या बायांतल्या कितीतरी गिरणी कामगारांच्याच घरातल्या. १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. उत्पादनाच्या तक्त्यात ही बाई कुठे दिसते?

असो, तुमचं वाचायचं. 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर आधी ती, वडिलांच्या सोवळ्यापायी घरातल्या बायकामुलांचं काय व्हायचं हे लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिलंय तसं कुठल्याही समाजसुधारणेच्या धड्यात नाही. मग गोडसे भटजींचा १८५७ च्या बंडाच्या काळातला 'माझा प्रवास'. लोक तो झाशीच्या राणीसाठी वाचतात, मी म्हणेन वरसईचा एक कर्जात बुडालेला भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने चालत उत्तर हिंदुस्थानात का जातो यासाठी वाचा. मुंबईच हवी असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं 'मुंबईचे वर्णन'. मागे जायचं असेल तर तेराव्या शतकातलं लीळाचरित्र, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या सोबत राहिलेल्या लोकांना विचारून विचारून आठवणी जमवल्या, म्हणजे सातशे वर्षांपूर्वी एक माणूस तेच करत होता ज्याचे माझे मार्क गेले. आणि तुकोबा. "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" यापेक्षा मोठा पुरावा दुष्काळाचा काय हवाय कोणाला? ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेला संग्रह 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर आहे, लाखाच्या वर ओव्या, काही ऐकायलाही मिळतात. छापील जुनं काही शोधायचं असेल तर दादर पूर्वेला नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.

आता एक सांगायला हवं. ओवीला तारीख नसते, एकीची ओवी दुसरीच्या तोंडात गेली की गाव बदलतं, भावाचं नाव बदलतं. गोडसे भटजींनीही सगळं नंतर कितीतरी वर्षांनी आठवून लिहिलं, पुस्तक छापलं गेलं १९०७ ला. स्मृतिचित्रे काय किंवा माडगावकर काय, लिहितावाचता येणाऱ्यांच्या घरातलं आहे ते. त्यामुळे कुठल्या साली काय झालं हे ठरवायला यातलं एकटं काहीच घेऊ नका, शेजारी कागदपत्रं ठेवाच. तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. पण मनीऑर्डर आल्यावर सुनेच्या हातात त्यातले किती पैसे पडायचे, हे दुसऱ्या कुठल्या कागदात लिहिलंय ते त्यांनी मला दाखवावं, माझा प्रश्न अजून तोच आहे.