होडीचं काम शिकायचं म्हणतो, शिकू द्यावं का?

पत्र : मुलाला दहावीला ६४ टक्के मिळाले. सुट्टीभर तो हर्णै बंदरात, फायबरच्या होड्या दुरुस्त होतात त्या शेडमध्येच असतो. पुढेही हेच शिकणार म्हणतो. आमची स्वतःची होडी नाही. धाकटे दीर म्हणतात, "अकरावी सायन्सला घाला, नाहीतर जन्मभर रेझिन फासत बसेल." काय करावं? – एक आई

उत्तर : दिरांची भीती अर्धी खरी आहे. रेझिन, म्हणजे फायबरचे थर चिकटवणारा द्रव, फासायला माणूस दोन महिन्यांत शिकतो, म्हणून त्या कामाला रोजंदारीच मिळते. पण होडी कुठे आणि कशामुळे फुटली ते ओळखणारा, मालाचा अंदाज काढणारा आणि इंजिन पंख्याच्या शाफ्टशी (दांड्याशी) जुळवून देणारा माणूस सहज सापडत नाही. मुलाला त्या कामापर्यंत पोचायचंय का, एवढंच आधी बघायचं.

ते बघायला त्याला काही प्रश्न विचारा. एक चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) लावायची तर रेझिन किती? मॅटच्या वजनाच्या अडीच पट, म्हणजे सव्वा किलोच्या आतच. त्याहून जास्त ओतलं तर होडी जड होते आणि थर ठिसूळ होतो. कमी पडलं तर मॅट पांढरी, कोरडी राहते आणि पाणी आत शिरतं. रेझिन घट्ट करणारं कॅटलिस्ट किलोभर रेझिनला किती? १० ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात कमी, नाहीतर रोलर फिरवेपर्यंत रेझिनचा बादलीतच गोळा होतो आणि धूर निघायला लागतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि कॅटलिस्ट थेट एकत्र का करायचं नाही? भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, कॅटलिस्ट नंतर. हे त्याला कारणासकट सांगता आलं, तर तो शेडमध्ये नुसता वेळ काढत नाहीये.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त चूक होते ती भोकावर नुसतं ठिगळ मारण्यात. होडीचं कवच ८ मिलिमीटर जाड असेल, तर भोकाच्या चारी बाजूंनी जाडीच्या बारा पट, म्हणजे जवळजवळ १० सेंटिमीटर, उतार घासून काढावा लागतो. रंग, ग्रीस, मीठ, ओल काही राहता कामा नये. हे घासणं कंटाळवाणं असतं, म्हणून टाळलं जातं. मग पहिल्या लाटांतच ठिगळाची कड सुटते. पावसाळ्यात ओल्या कवचावर घाईने काम उरकलं तरी तेच होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, आणि मालकाला १ ऑगस्टला समुद्रात जायचं असतं. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच, आणि हवाही सगळ्यात वाईट तेव्हाच.

आता इंजिनाकडचं काम. माझं मत विचाराल तर मुलाला तिकडे वळवा. शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगमध्ये, म्हणजे जोडात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फट मोजतात. १२५ मिलिमीटरच्या कपलिंगला या मापांत ०.१२ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. किनाऱ्यावर बरोबर जुळवलेलं पाण्यात उतरल्यावर बिघडतं, कारण कवच थोडं वाकतं. म्हणून होडी तरंगताना पुन्हा मोजायचं. हे कोणी केलं नाही की होडी थरथरते, ग्लँडमधून (शाफ्ट कवचाबाहेर जातो तिथल्या सीलमधून) पाणी येतं, बेअरिंग झिजतं, आणि मालक दोष इंजिनाला देतो.

शिक्षणाचे रस्ते तीन. पहिला, आयटीआय : डिझेल मेकॅनिक किंवा वेल्डर एक वर्ष, फिटर दोन वर्षं. होडीचं वेगळं प्रमाणपत्र शोधत बसू नका. यांपैकी एक कागद आणि शेडमधला हात, दोन्ही मिळून उपयोगी पडतात. दुसरा, केंद्र सरकारच्या सिफनेट या मासेमारी प्रशिक्षण संस्थेचा दोन वर्षांचा मरीन फिटर अभ्यासक्रम. कोची, चेन्नई आणि विशाखापट्टणमला केंद्रं आहेत. दहावीवर प्रवेश, पण वयाची अट आहे, म्हणून वर्ष वाया घालवू नका. तिसरा, मुंबईतल्या माझगाव डॉकची किंवा नौदल गोदीची ॲप्रेंटिसशिप. माझगाव डॉक दहावीनंतर काही ट्रेडना थेट घेतं, काहींना आयटीआय लागतं. नौदल गोदीत बहुतेक ट्रेडना आयटीआयच लागतं. दोन्हीकडे परीक्षा असते. तिथे लहान होड्या नव्हे, मोठी जहाजं असतात, पण मोजमापाची आणि वेल्डिंगची शिस्त लागते. ती हर्णैच्या शेडमध्ये लागेलच असं नाही.

लाकडी ट्रॉलर बांधणारा जाणता सुतार शेजारात असेल तर तेही शिकू द्या, पण त्या एकाच कामावर विसंबू नये. नव्या होड्या बहुतेक फायबरच्या होतायत.

शेडमध्ये आताही जात असेल, तर एक गोष्ट उद्याच करा. घासताना आणि रेझिन लावताना साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. रेझिनमधल्या स्टायरीनच्या वासासाठी कार्बन काडतुसाचा (वास शोषणाऱ्या डबीचा) मास्क लागतो, घासताना त्यावर धुळीचा फिल्टर, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. काचेचे तंतू अंगात शिरले की खाज दिवसेंदिवस जात नाही. शेडचा मालक मास्क देत नसेल तर तुम्ही विकत घ्या. तरीही तो घालू देत नसेल, तर शेड बदला, काम बदलू नका.

आणि गुणपत्रिका काढून गणित आणि विज्ञानाचे गुण वेगळे बघा. सिफनेटला एकूण टक्क्यांपेक्षा तेच आधी विचारतात.