टुरिस्ट व्हिसावर दोन आठवडे जास्त राहिलं तर नुसता दंडच होतो का?

तुम्ही विचारलंय की टुरिस्ट व्हिसावर परदेशात असताना मुदतीपेक्षा दोन आठवडे जास्त राहिलं तर काय होतं, आणि तुमचे परिचित म्हणतात तसं विमानतळावर पैसे भरून सुटता येतं का. लोकांचे व्हिसाचे अर्ज भरून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझं उत्तर असं: काही देशांत पैसे भरून निघता येतं, पण दंड हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

तुमच्या परिचितांच्या मनात बहुधा थायलंड असावं. तिथे जास्तीच्या प्रत्येक दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात दंड आहे. पण हे तुम्ही स्वतःहून विमानतळावर पोचलात तर. त्याआधी रस्त्यात पासपोर्ट तपासला गेला आणि तुम्ही सापडलात, तर ओव्हरस्टे, म्हणजे मुदतीनंतरचा मुक्काम, एक वर्षाच्या आतला असला तरी ५ वर्षं प्रवेशबंदी. म्हणजे तेच चौदा दिवस, पण विमानतळापर्यंत पोचता आलं की नाही यावर सगळं ठरतं. सिंगापूरमध्ये तर ९० दिवसांच्या वर राहिलेल्या पुरुषाला तुरुंगवासासोबत छडीची शिक्षा कायद्यात आहे.

मात्र माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जाणूनबुजून राहिलेले थोडे. बहुतेक जण तारीख वाचण्यात चुकलेले असतात, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो. ती दहा वर्षं दारात जाऊन उभं राहण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. फिरायला आलेल्यांना बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. मुलांकडे राहायला गेलेले आईवडील पासपोर्टावरची तारीख पाहून निर्धास्त असतात आणि आय-९४ ची तारीख केव्हाच उलटून गेलेली असते. ती एका दिवसाने ओलांडली तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो. जास्तीचा मुक्काम १८० दिवसांच्या पुढे गेला तर ३ वर्षं बंदी, एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला तर १० वर्षं. ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. त्यामुळेच माणसं निघायला घाबरतात, अजून राहतात आणि आणखी खोलात जातात.

शेंगेनचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचं, गणित वेगळं. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, तेही सगळे शेंगेन देश मिळून, आणि आलात तो दिवस व निघालात तो दिवस दोन्ही धरून. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत! १ जुलैला गेलात आणि ३० सप्टेंबरला निघालात तर ९२ दिवस होतात. दुसरी गफलत माझ्या स्वतःच्या हातून होणार होती. स्टिकरवर व्हिसा कधीपर्यंत वैध आहे ती तारीख असते आणि मुक्कामाचे दिवस वेगळ्या ओळीत लिहिलेले असतात. मी फक्त तारीख पाहिली होती, तिथपर्यंत जवळजवळ महिना होता. मुक्काम पंधराच दिवसांचा होता. बाराव्या दिवशी सोबतच्या एका बाईंचं त्या ओळीकडे लक्ष गेलं, म्हणून तिकीट बदलता आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिक्का पुसट आहे, कोण दिवस मोजत बसणार, असंही लोक म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली. दिवस यंत्रणाच मोजते. ही नोंद एरवी ३ वर्षं राहते, बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर ५ वर्षं.

आणि पुढचा अर्ज. स्वतःच्या खर्चाने स्वतःहून निघालात तर ब्रिटन ३० दिवसांपर्यंतचा ओव्हरस्टे पुढच्या प्रवेशबंदीसाठी धरत नाही, पण म्हणून तो नोंदीतून जात नाही. अमेरिकेच्या अर्जात मुदतीपेक्षा जास्त राहिला होतात का, हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. तिथे ‘नाही’ लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. खोटं सापडलं तर ब्रिटनमध्ये १० वर्षांची बंदी आहे, अमेरिकेत कायमची लागू शकते. खरं लिहून कारणाचे कागद जोडलेले अर्ज मंजूर झालेले मी पाहिले आहेत.

त्या जास्तीच्या दिवसांत जगणंही अवघड होतं. प्रवासविमा संपलेला असतो, दुखलं-खुपलं तर दवाखान्यात जायची भीती, कुणी लुबाडलं तर पोलिसांकडे जायची भीती. त्यातून हातखर्चासाठी काम धरलं तर मालकाला माहीत असतं की पगार बुडवला तरी हा माणूस तक्रार करणार नाही.

तुमची तारीख अजून उलटली नसेल तर आजच मुदतवाढीची चौकशी करा. अमेरिकेत आय-५३९ हा अर्ज आय-९४ ची तारीख संपायच्या आत पोचावा लागतो. शेंगेनमध्ये आजारपण, विमानसेवा बंद पडणं अशा आपल्या हातात नसलेल्या कारणांसाठी मुदत वाढवून मिळते. डॉक्टरांचं पत्र, रद्द झालेल्या तिकिटाचा निरोप, सगळं जपून ठेवा. तारीख उलटून गेली असेल तर पहिल्या मिळेल त्या विमानाने स्वतःहून निघा. जास्त दिवस झाले असतील तर आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला भेटा, एजंटाला नव्हे. बोर्डिंग पास आणि बाहेर पडल्याचा शिक्का यांचे फोटो काढून ठेवा.

तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही. देश, आत आल्याची तारीख आणि मंजूर झालेले दिवस, एवढ्या तीन गोष्टी कळवा. पासपोर्ट नंबर किंवा फोटो इथे टाकू नका. दिवस मोजून सांगतो.