इंधनाच्या खर्चापायी गाडी बदलावी का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांची पेट्रोल गाडी आहे, तिचं कर्ज फिटलंय, वर्षाकाठी साधारण 12,000 किलोमीटर धावते आणि लिटरला 12 किलोमीटर देते. इंधनाचा खर्च डोईजड झालाय, म्हणून ती विकून 24 चं मायलेज सांगणारी हायब्रिड घ्यायचा विचार आहे. सुरुवातीची रक्कम मुदत ठेव मोडून भरायची आणि बाकीचं पाच वर्षांचं कर्ज काढायचं. "मायलेज दुप्पट म्हणजे इंधन निम्मं, मग हप्ता त्यातूनच सुटेल ना?" असं तुम्ही विचारलंय.

नाही सुटणार. माझा सल्ला आहे की आत्ता गाडी बदलू नका.

तुमच्या हिशेबात जुन्या गाडीचा आकडा रोजच्या रस्त्यावरचा आहे आणि नव्या गाडीचा आकडा चाचणीतला. दोन्ही एकाच मापाने मोजायला हवेत. नवी गाडी नीट चालवलीत तर तुमच्या हातात ती 22 देईल असं धरू. पण तशीच नीट चालवली तर तुमची आताची गाडीही 12 वरून 14 वर यायला हरकत नाही. आता लिटरमध्ये बघा. 12,000 किलोमीटरला 14 च्या मायलेजने 857 लिटर लागतात, 22 ने 545. फरक 312 लिटरचा, म्हणजे महिन्याला 26 लिटर. तुम्ही मनाशी वर्षाला 500 लिटर धरले होते. ही 26 लिटर तुमच्या दराने गुणा आणि तो आकडा हप्त्याशेजारी लिहून ठेवा.

हप्त्यातलं मुद्दल सोडलं तरी व्याज राहतंच. शेकडा 10 दराने पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर मुद्दलाच्या सुमारे 27 टक्के रक्कम नुसती व्याजात जाते. त्यात नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वात झपाट्याने उतरते, आणि सहसा विम्याचा हप्ताही वाढतो. तुमच्या जुन्या गाडीने ती मोठी घसरण कधीच सोसलेली आहे. हा तुमचा फायदा आहे, तो हातचा घालवू नका.

मायलेजचा आकडा आणखी एका बाबतीत फसवतो. 12 वरून 14 आणि 22 वरून 24, दोन्हीकडे वाढ दोनचीच दिसते. पण तुमच्या वार्षिक अंतराला पहिल्या वाढीत 143 लिटर वाचतात, दुसरीत फक्त 45. गाडी जितकी जास्त पिणारी, तितकी तिच्यातली छोटी सुधारणा मोलाची. म्हणून सवयी बदलायच्या असतील तर त्या आताच्या गाडीवरच बदलायला हव्यात.

आता त्या सवयींकडे. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की निघायला उशीर होतो, मग पंधरा किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात 110 ने जाता आणि पुढे दहा किलोमीटर सिग्नल आणि गर्दी. तुमचे पैसे नेमके इथे जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 90 ऐवजी 110 ने गेलात की तो जवळपास दीडपट होतो. आणि मिळतं काय? पंधरा किलोमीटरला 90 ने दहा मिनिटं लागतात, 110 ने आठ मिनिटांच्या थोडी वर. दोन मिनिटंसुद्धा वाचत नाहीत, आणि जी वाचतात ती पहिल्याच सिग्नलला उभं राहण्यात जातात.

गर्दीत तर ब्रेककडे लक्ष द्या. जोरात ब्रेक दाबता तेव्हा वेग घ्यायला जाळलेलं इंधन तुम्ही उष्णता करून फेकून देत असता. दोनशे मीटरवर लाल दिवा दिसतोय तरी ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि शेवटच्या क्षणी थांबायचं, हे बंद करा. पाय आधीच काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंधन इंजेक्शनच्या गाडीत अशा वेळी इंजिनाला जाणारं इंधन तोडलं जातं, चाकंच इंजिन फिरवत ठेवतात. वेग बराच उतरला की पुरवठा पुन्हा सुरू होतो. तुम्ही उतारावर काटकसर म्हणून न्यूट्रल करता, त्यात उलट इंजिन स्वतःच्या फिरण्यासाठी इंधन घेत राहतं. शिवाय उतारावर इंजिनचा आवर सुटतो, तो धोका वेगळाच. ही सवय आजपासून सोडा, अगदी कळकळीने सांगतो.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार आक्रमक चालवण्याने महामार्गाच्या वेगाला मायलेज 15 ते 30 टक्क्यांनी घटतं, थांबत-थांबत जाणाऱ्या रहदारीत 10 ते 40 टक्क्यांनी. मी 14 चा आकडा धरला तो या मानाने बेताचाच आहे.

टपावरचं रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा, मोकळ्या रस्त्यावर ते हवा अडवतं. बराच वेळ थांबणं दिसत असेल तर इंजिन बंद करा. पुन्हा चालू करायला जेमतेम दहा सेकंदांच्या थांब्याइतकं इंधन लागतं. टायरमधली हवा महिन्याला एकदा, टायर गार असताना, दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या दाबाइतकी भरा. त्यातून इंधन थोडंच वाचेल, पण टायर टिकतील. मायलेजसाठी एअर फिल्टर मुदतीआधी बदलण्यात किंवा गाडीच्या पुस्तिकेत मागितलं नसताना महागडं पेट्रोल भरण्यात मात्र पैसे घालवू नका.

तीन महिने हे करा आणि मोजा. टाकी पूर्ण भरा, पंपाची नळी आपोआप बंद होईल तिथे थांबा, किलोमीटर टिपा. पुढच्या वेळी तशीच पूर्ण भरा आणि मधलं अंतर भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या.

तुमचं धावणं वाढून वर्षाला 30,000 किलोमीटर झालं, तर हाच फरक 779 लिटरवर जातो. मग नव्या गाडीचा विचार पुन्हा मांडू. दुरुस्तीचा खर्च वरचेवर येऊ लागला किंवा गाडी सुरक्षित राहिली नाही, तरीही मांडू. तोवर जुन्या हप्त्याइतकी नाही तरी निम्मी रक्कम दर महिन्याला पुढच्या गाडीसाठी वेगळी ठेवा, म्हणजे तेव्हा कर्ज लहान लागेल.

राहिली मुदत ठेव. तुम्हीच लिहिलंय की घरातली हाताशी असलेली बचत तेवढीच आहे आणि त्यात सहा महिन्यांचा खर्च भागतो. ती आजारपणासाठी आणि नोकरी गेली तर त्यासाठी आहे. मोडण्याचा अर्ज दिला असेल तर तो उद्याच मागे घ्या.